शेऱ्याचा रकाना

“बाई, बाकी काहीही सोडा, शेऱ्याचा रकाना सोडू नका,” निवृत्त होताना नीळकंठराव आसावरीला म्हणाले होते. क्षयरोग्यांचं ते जाडजूड रजिस्टर त्यांनी एकवीस वर्षं हातानं लिहिलं होतं.

“अहो, कॉम्प्युटरमध्ये तो रकानाच नाहीये,” ती हसून म्हणाली होती.

आता ती छापलेल्या यादीच्या कडेची भोकांची पट्टी फाडत होती. पंच्याण्णव सालचा मार्च संपत आला होता. बारामतीच्या त्या आरोग्य कार्यालयात कॉम्प्युटरच्या खोलीला खिडक्या होत्या, पण धूळ नको म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या. चपला बाहेर, आणि दाराला कडीही बाहेरून. चार वाजले की पदराखाली तिचं ब्लाऊज ओलं व्हायचं. आठ महिन्यांची छकुली काटेवाडीत सासूबाईंपाशी रडत असायची.

यादी बघून घरोघरी गोळ्या देणाऱ्या सुकन्या सिस्टर सकाळी इंदापूरची एसटी पकडायच्या घाईत दारातूनच ओरडल्या होत्या, “वरकुट्याचा माळ बरा झाला वाटतं गं! दोन महिने यादीत एकच नाव. माझी पायपीट वाचवलीस, पुण्य लागेल तुला.”

तेव्हा तिलाही हसू आलं होतं. पट्टी फाडता फाडता तिचा हात थांबला. तिनं रजिस्टर ओढून उघडलं.

माळावर सहा नावं होती.

माळावरच्या घरांना नंबर नव्हते. कॉम्प्युटर ती जागा रिकामी सोडू देईना, म्हणून तिनं सगळ्यांना शून्य टाकलं होतं. एका गावात एका नंबरावर एकच नोंद राहते, नवी टाकली की जुनी पुसली जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. पाच जणांच्या गोळ्या दोन महिने बंद होत्या.

कडी वाजली. हिंदुराव साहेब मोज्यांवरच आत आले, मागून शिपाई भिमा.

“झाली यादी? खाली ‘तपासली, बरोबर आहे’ लिहा आणि सही करा. यादी न्यायला जीप उभी आहे.”

“साहेब, वरकुट्याच्या नोंदी चुकल्यात. माझ्याच हातून.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं काम पूर्ण झालं म्हणून वर कळवून बसलोय मी. आता चूक निघाली तर आधी तुमचा करार जाईल. एक तारखेला वाढवून हवाय ना? पुढच्या महिन्यात बघू. भिमा, हे रजिस्टर मग गोडाऊनला टाक.”

“व्हय साहेब. पर बाईंचं लेकरू रडत आसंल, सोडा की त्यास्नी.”

“सही झाली की सोडू. पाच मिनिटांनी येतो.”

कडी लागली. आसावरीनं पदर सारखा केला. मग ड्रॉवरमधली मोजपट्टी काढून यादीच्या उजव्या कोऱ्या जागेत एक उभी रेघ मारली, वर ‘शेरा’ लिहिलं, आणि खाली रजिस्टरमधून एकेक नाव उतरवू लागली. ‘बरोबर आहे’च्या जागी ‘चूक आहे, पाच नावे राहिली’ असं लिहून तिनं सही केली. सारजा तात्याबा, वय एकसष्ट, हे नाव शेवटचं. त्यापुढे नीळकंठरावांचे शब्द तसेच्या तसे: बाभळीखालचे घर. एकटी असते. ऐकू येत नाही.

बाहेर कडी सरकली. तिनं मान वर केली नाही. तिची ओळ अजून पुरी व्हायची होती:

‘हे वाचणाऱ्याने आधी हिच्याकडे जावे. दारातून हाक मारून परत फिरू नये. आत जाऊन बघावे.’