तीन माणसे, दोन जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. दोन देशांच्या हद्दीवरच्या चौकीत, अर्ज घेणाऱ्या खिडकीसमोर माझे आयुष्य गेले. आज दोघेजण बसले तरी माझी तारांबळ उडते. पण एके काळी माझ्यावर चाळीस माणसे आणि दोन शेळ्या एकदम बसत. माणसांचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, शेळ्यांचा मात्र शपथेवर सांगतो.

मला घडवणारा सुतार पलीकडच्या देशातून पोट भरायला आला. दिवसभर खिडकीपुढे उभे राहून त्याच्या पायांचे खांब झाले. म्हणून इथे हाताला काम मिळताच त्याने आधी मला बनवले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तेव्हा इकडे गिरण्या होत्या, गोडे पाणी होते. पलीकडून माणसांची रीघ लागे. टेकायला मिळाले म्हणून लोक मला दुवा देत.

सुताराची मुलगी शिकली आणि त्याच खिडकीत अधिकारी झाली. रांग पाहून बाईसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांनी नियम केला: बाक दोघांपुरता ठेवायचा, आणि जो बसलेला असेल त्याचाच अर्ज त्या दिवशी घ्यायचा. करवत बापाकडेच मागितली.

"पोरी, लाकूड कापलं की पुन्हा वाढत नाही," सुतार म्हणाला.

"बाबा, बाक दिसला की लोक बसतात. बसले की राहतात."

मला कापले. रांग काही घटली नाही. ती उभी राहिली, एवढेच.

मग वारे फिरले. इकडच्या विहिरी खारट झाल्या, गिरण्यांना कुलपे लागली, दवाखान्यात डॉक्टर उरला नाही. रीघ उलटली. आता खिडकीत पलीकडचा कारकून बसतो. नियम त्याला आयताच मिळाला.

आज बाईसाहेब आल्या. सोबत म्हातारा बाप आणि दिवस भरत आलेली लेक. त्यांनी दोघांना बसवले नि स्वतः उभ्या राहिल्या.

"उभे असतील त्यांनी उद्या या," कारकून मान वर न करता म्हणाला.

म्हाताऱ्याने माझ्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवले आणि तो हळूच उठला. "तू बस लेकीजवळ. तिला आई लागेल. मी काय, उभा राहूनच आलो होतो."

त्या बसल्या. मी कुरकुरलोसुद्धा नाही.

दोघी पलीकडे गेल्यावर कारकुनाने माझी लांबी मोजली. "दोघांचा तरी कशाला हवा?" तो पुटपुटला.

मित्रांनो, बाक कापण्याआधी त्यावर आपल्या घरचे सगळे बसवून पाहा. म्हातारा उद्या येईल. करवत मात्र आजच आली आहे.