बायकांची बॅच

"आत जाऊ नका ताई, बघवणार नाही," शिंपीणबाई फाटकाशीच म्हणाल्या. डोक्याला रबरी टोपी, काखेत टॉवेल. त्यांच्यामागे बॅचच्या बाकीच्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोरं उभी राहतात तशा, पण आनंद नसलेल्या.

ताई आत गेल्याच. तलाव रिकामा होता. ज्या निळ्या फरशा त्यांनी कायम पाण्याखाली हलताना पाहिल्या होत्या, त्या आज निश्चल पडल्या होत्या. खोल बाजूला गाळात केसांच्या पिना, कुणाचा तरी चष्मा. मॅनेजर कठड्यावर पाय सोडून बसले होते.

"तळाला तडा गेलाय. पाणी खालच्या खाली शेजारच्या इमारतीच्या पायापर्यंत पोचलं. उपसायलाच लागलं."

"परत कधी भरणार?"

"वरची माणसं येऊन बघतील, मग ठरेल. मी काय सांगणार? मीही सांगितलेलं ऐकणारा माणूस."

माणूस वाईट नव्हता. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

ताईंची मूळ नोकरी जीवरक्षकाची. दुपारभर खुर्चीवर बसायचं, दंगा करणाऱ्या मुलांवर शिट्टी मारायची. सकाळचा एक तास बायकांसाठी राखीव होता, पण त्या तासाला पाण्यात कुणीच नसायचं. उतारवयात पोहायला शिकायला कोण येतंय? तरी ताईंनी बाहेर पाटी लावली आणि रोज त्या तासाला पोहण्याचा पोशाख घालून एकट्याच उभ्या राहू लागल्या. तलावाच्या पंपावरचे लोक त्यांना मासोळीबाई म्हणायला लागले. "काय मासोळीबाई, आज किती गळाला लागल्या?" ताई हसून सोडून द्यायच्या.

पहिल्या आल्या शिंपीणबाई. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या. पण पाणी पाहिलं की त्यांच्या छातीत धडधडायचं. अख्खा हिवाळा त्या पायरीवर बसून नुसते पाय बुडवत राहिल्या आणि ताई त्यांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत राहिल्या.

"अहो, ओढा की एकदा आत," मॅनेजर म्हणायचे. "भीती जाईल."

"ओढलं तर उद्या यायच्या नाहीत."

एका सकाळी शिंपीणबाई एका ठसकेबाज गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होत्या. चालून दाखवायच्या भरात पायऱ्या उतरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात आहोत हे लक्षात आल्यावर रडायलाच लागल्या. मग विहीणबाईंना घेऊन आल्या. विहीणबाईंनी भावजयीला आणलं. बॅच अशी वाढली की वाढताना कुणाला दिसलीही नाही. मधे एका मोठ्या हॉटेलातून ताईंना बोलावणं आलं. स्वच्छ तलाव, श्रीमंतांची मुलं, चांगला पगार.

नवरा बसचा ड्रायव्हर, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "जा की. इथे कोण तुझी वाट बघतंय?"

"बघतात म्हणून तर," ताई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

बॅचमध्ये सगळ्यात वयस्कर सिस्टर. निवृत्त नर्स, जन्मभर दुसऱ्यांना धरून चालवलेलं, पण स्वतः काठाचा गज सोडायच्या नाहीत. अंग पाण्यावर येई, पाय वर येत, तोंड आभाळाकडे होई आणि एक हात मात्र गजाला चिकटलेला. कितीतरी महिने हे चाललं. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या, "सिस्टर, गज घरी घेऊन जा." तलाव रिकामा झाला त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी एकेक बोट सोडत सोडत फक्त करंगळी ठेवली होती. "आज एवढंच," त्या म्हणाल्या होत्या. "ही उद्या सोडते."

पाणी येईपर्यंत बॅच मोडू द्यायची नाही असं ताईंनी ठरवलं. जवळच्या बागेत सकाळी सगळ्यांना बोलावलं. गवतावर चटया टाकून हात फिरवायचे, पाय मारायचे, श्वास धरायचा. पहिले काही दिवस मजा आली. मग विहीणबाईंना नातवंडांची शाळा आडवी आली. भावजयीला गवताची ॲलर्जी निघाली. कुणाला लांबचा नवा तलाव सापडला. सगळ्या फोनवर गोड बोलायच्या. "पाणी आलं की कळवा हं ताई, धावत येते." त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी शेवटी शिंपीणबाई आणि ताई दोघीच उरल्या, आणि एक दिवस शिंपीणबाई म्हणाल्या, "ताई, गुडघे परत धरलेत. जमिनीवर नाही हो सोसत."

"बस बंद पडली की माणसं दुसरी धरतात," नवरा जेवताना म्हणाला. "बसवर रागावत नाही कुणी. थांबतही नाही." मग ताईंकडे पाहून त्याने पोळी त्यांच्या ताटात वाढली. "मी आपलं माझ्या धंद्याचं बोललो."

तलाव परत भरावा म्हणून ताई वरच्या माणसांच्या ऑफिसात खेटे घालत होत्या. खिडकीवरची माणसं बदलत गेली. आदराने बसवायची, पाणी द्यायची, फाइल वर गेली आहे म्हणायची. आणि एका सकाळी तलावाच्या फाटकात मातीचे ट्रक लागलेले दिसले. मॅनेजर बाहेर उभे होते. "पार्किंग होणार म्हणतात," एवढंच बोलले. ताई कुंपणाच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. उथळ बाजू आधी भरली.

तिथून त्या घरी गेल्या नाहीत, सिस्टरांकडे गेल्या. मधल्या काळात सिस्टर न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगाला खिळलेल्या. सुनेने दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "त्यांना कळलंय सगळं. सकाळीच कुणाचा तरी फोन आला."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ताई पलंगाच्या कडेला बसल्या.

"बुजवला ना गं?" सिस्टरांनीच विचारलं.

"हो."

"एवढी वर्षं घालवलीस तू. हाती काय लागलं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ताईंनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती.

"पोरी," सिस्टर म्हणाल्या, "सोडल्यावर कसं वाटतं ते तरी सांग. मला कळलंच नाही ते."

ताईंनी सांगायला सुरुवात केली, पण शब्द धड जुळेनात. मग त्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. एक हात सिस्टरांच्या मानेखाली सरकवला, दुसरा पाठीखाली, जपून, दुखऱ्या बाजूला धक्का न लावता. "डोळे मिटा. मान माझ्या हातात द्या. सगळी द्या."

सिस्टरांनी डोळे मिटले. हळूहळू मान जड झाली. पलंगाच्या दांडीवरची बोटं सैल पडली आणि हात चादरीवर उलटा पसरला. श्वास लांब होत गेला. सून दारात येऊन उभी राहिली, परत गेली.

आता खालचे हात काढून घ्यायचे असतात. पाण्यात ताईंनी ते प्रत्येकीच्या नकळत काढून घेतले होते. इथे खाली गादी होती. ताईंचे हात मुंग्या येऊन बधिर झाले, तरी त्यांनी ते काढले नाहीत.