अमोलिक टीचरनी निवडलेला पियानो

"आधी बंद करा," अमोलिक टीचर म्हणाल्या.

दुकानाचा मालक रविराज गोंधळला. गिऱ्हाईक आलं की पियानो चालू करून दाखवायची त्याला सवय.

"करंट बंद करा. मला नुसत्या पट्ट्या ऐकायच्यात."

त्याने बटण दाबलं. टीचरनी पर्स रुपालीच्या हातात दिली, स्टुलावर बसल्या आणि मुक्या पियानोवर डावीकडून उजवीकडे बोटं चालवत गेल्या. कॅरमच्या सोंगट्या आपटाव्यात तसा आवाज आला.

"खाली कोण राहतं तुमच्या?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"घरमालक," रुपाली म्हणाली.

"मग हा नको. आठ दिवसांत भांडायला वर येतील."

रुपालीची मुलगी दिशा खुदकन हसली. टीचरही हसल्या. रुपाली मात्र पर्स छातीशी धरून तशीच उभी राहिली. श्रीरामपूरहून नगरला येताना एसटीत दिशा टीचरच्या शेजारी बसली होती आणि रुपाली मागच्या सीटवर. पुढच्या दोन डोक्यांकडे बघत ती राहुरीपर्यंत स्वतःला समजावत आली होती की आपण काही चुकीचं करत नाही. राहुरीच्या पुढे तिने समजावणं सोडून दिलं. पियानो दिशाच्या संगीताच्या परीक्षेसाठी घ्यायचा, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. तो खरं कशासाठी घ्यायचा, हे तिचं तिलाच माहीत होतं.

रुपाली श्रीरामपुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा गोरक्ष दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. दोघांची माणसं पुणतांब्याला, त्यामुळे गावात हाकेला येईल असं कोणी नव्हतं. दिशा तिसरीत असताना शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात यायची आणि सलाइनच्या खोक्यावर बसून गृहपाठ करायची. तिथेच तिला अमोलिक टीचरनी पाहिलं. टीचर इंजेक्शनं घ्यायला आल्या होत्या. मिशनच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, चर्चमध्ये रविवारी पेटी वाजवणाऱ्या बाई. "हिला माझ्याकडे पाठव ना," त्या म्हणाल्या. "माझं घर शाळेच्या मागेच आहे."

त्यांच्या पुढच्या खोलीत एक जुना पियानो होता. दिशाने आठवडाभर त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि मग एक बोट ठेवलं. शिकवणी अशी सुरू झाली. फीचं नाव टीचरनी कधी काढू दिलं नाही. रुपालीची ड्यूटी संपेपर्यंत पोरगी तिथेच खायची, तिथेच अभ्यास करायची. रुपाली तिला घ्यायला जायची तेव्हा अंगणातच थांबायची. आत गेलं की चहा, चहा झाला की उशीर, हे तिचं कारण. लोकांना मात्र ती सांगायची, "त्या बाईंनी माझी पोर सांभाळली म्हणून मी नोकरी करू शकले." हे ती मनापासून म्हणायची.

मग गेल्या पावसाळ्यात एक दिवस ती घ्यायला गेली, तर टीचर स्वतः अंगणात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दिशा मोठी झाली आज. घाबरली नाही. मी सगळं समजावून सांगितलंय."

दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी पोरींना तिने हेच समजावलं होतं, त्यांच्या आयांना बाहेर बसवून. स्वतःच्या पोरीला सांगायचं म्हणून तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. दिशा दप्तर घेऊन बाहेर आली. तिने टीचरचा जुना, मोठा, फुलाफुलांचा गाऊन घातला होता.

"थांब ना गं आई थोडं," दिशा म्हणाली. "घरी जाऊन काय करू?"

त्याच आठवड्यात रुपालीने गोरक्षजवळ विषय काढला. "दिशाला घरीच पियानो घिऊ."

"आन् टीचरकडं हाय की."

"परीक्षा हाय तिची. रोज उठून दुसऱ्याच्या दारात किती दिवस?"

"दुसऱ्याच्या?" गोरक्ष म्हणाला. तिच्याकडे बघून त्याने पुढचं गिळलं. "बघ बाई. मला त्यातलं काय कळत न्हाई. फकस्त लई म्हागाचा नगं."

टीचरना सांगणं अवघड होतं. त्या नाराज झाल्या असत्या, काही लागेल असं बोलल्या असत्या, तर रुपालीला बरंच वाटलं असतं. पण त्या मान हलवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. माझ्या पियानोच्या खालच्या चार पट्ट्या वाजतच नाहीत. तिथे आली की ती तोंडाने सूर म्हणते. परीक्षेत असं कसं चालेल? कुठला घेणार आहेस?"

"बघते ऑनलाईन काहीतरी."

"छे, हात लावल्याशिवाय घ्यायचा नसतो. नगरला एक दुकान आहे. मी येते बरोबर."

दुकानात आता रविराजने एक छोटा कीबोर्ड काढला होता. त्याच्यात ढोलकी होती, शिट्टी होती, पट्ट्यांखाली लाल दिवे लागत होते. "मॅडम, घरी शिकायला हाच जातो सगळ्यात जास्त. हलका आहे, बजेटमध्ये आहे."

रुपाली त्याच्याजवळ सरकली. हा घेतला तर सगळंच सोपं होणार होतं. घरात पियानोही आला असता आणि त्याच्यावर पुरतं भागत नाही म्हणून दिशाचं जाणंही सुरू राहिलं असतं.

"बाई, हा छोटा चालंल की," ती म्हणाली. "तशी ती तुमच्याकडे येणारच हाय."

टीचरनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पट्ट्या पिसासारख्या हलक्या आहेत. ह्याच्यावर सहा महिने वाजवलं की तिची बोटं बिघडतील, मग ती माझ्या पियानोवरही नीट चालायची नाहीत. घ्यायचाय तर असा घे, की तिला माझ्याकडे यायची गरज पडू नये."

त्या पलीकडच्या काळ्या पियानोकडे गेल्या. साधा होता, दिवेबिवे काही नव्हते. त्याच्या पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड होत्या. टीचरनी तो आधी बंद ठेवून वाजवला, मग चालू करून. एकच पट्टी हळू दाबली, जोरात दाबली, भरभर दाबली. मग दिशाला बसवलं. दिशा वाजवू लागली, खालच्या पट्ट्यांवर आली आणि सवयीने तिने तोंड उघडलं. पण सूर पियानोतूनच आला. ती चकित होऊन टीचरकडे वळली.

"हाच," टीचर म्हणाल्या, आणि रुपालीच्या हातातून पर्स घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

पियानो घरी आला. दिशा शाळेतून थेट घरी येऊ लागली. शेजारच्या काकू किल्ली देत, रुपाली आली की तिला जिना चढतानाच वाजवणं ऐकू येई. तिला हवं होतं ते मिळालं होतं. ठरल्याप्रमाणे दिशा शनिवारी टीचरकडे जायची. मग शनिवारी गणिताचा क्लास लागला, मग एक आठवडा सर्दी झाली. "टीचर काही म्हणाल्या का?" रुपाली विचारायची. "नाही. त्या म्हणाल्या, अभ्यास आधी."

एके संध्याकाळी रुपाली कणीक मळत होती. बाहेर दिशा एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवत होती. थांबायची, परत तिथेच यायची.

"आई, आता बरोबर आलं का?"

रुपाली कणकेच्या हातांनी दारात आली. "हो. छान आलं."

"आधीचं बरोबर होतं की आत्ताचं?"

रुपालीला दोन्ही सारखीच वाटली होती. "आत्ताचं," ती म्हणाली.

दिशाने तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि तिने कानाला हेडफोन लावला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर रुपाली शाळेमागच्या गल्लीत गेली. या वेळी ती अंगणात थांबली नाही. टीचर टेबलाशी बसून एकट्या जेवत होत्या, दिवस मावळायच्या आत. पियानोवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या होत्या.

"दिशा बरी आहे ना?" त्या घाईने उठल्या.

"बरी हाय. बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले." रुपाली उभ्यानेच बोलली, बसली असती तर बोलता आलं नसतं. "परीक्षेचं निमित्त होतं. मला ती घरी पाहिजे होती. तिला पहिल्यांदा… त्या दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं, मला न्हाई. मला सहन झालं न्हाई ते. तुम्ही एवढं केलंत तिचं, आन् मी तुमच्याकडूनच पियानो निवडून घेतला."

टीचरनी ताटावर दुसरं ताट झाकलं.

"मला माहीत होतं ते," त्या म्हणाल्या. "मी तुला अंगणात येऊन सांगितलं ना, तेव्हाच तुझा चेहरा पाहिला होता."

"मग आलात कशाला नगरला?"

"तू घेणारच होतीस. वाईट घेतला असतास, तर पोरीचं नुकसान झालं असतं." त्या जरा थांबल्या. "आणि मी काही अगदी साधी नाही रुपाली. तुझी ड्यूटी लवकर संपणार असेल त्या दिवशी मी मुद्दाम अवघड धडा काढायचे. तू बाहेर उभी असायचीस, मला दिसायचीस खिडकीतून. मी तिला म्हणायचे, अजून एकदा वाजव."

बाहेर कोणीतरी बोअरची मोटार चालू केली.

"तुम्ही आमच्याकडे येत जा," रुपाली शेवटी म्हणाली. "तिचं चुकतं कुठं, मला कळत न्हाई. मी तोंडावर छान म्हणते तिच्या."

"येईन," टीचर म्हणाल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर त्या आल्या. पांढरी साडी, केसांना तेल. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा थांबल्या. गोरक्ष त्या दिवशी घरी होता. त्याने खुर्ची पुसून पंख्याखाली ठेवली. "बसा टीचर, बसा. हितं वारं लागंल."

त्या बसल्या. खुर्ची पियानोपासून लांब होती, पण त्यांनी ती हलवली नाही. हात मांडीवर ठेवून त्यांनी खोली पाहिली, पियानो पाहिला, त्यावर रुपालीने घातलेलं विणलेलं कापड पाहिलं.

आतून दिशा आली. आईने सांगितलं होतं तसा तिने ट्रे दोन्ही हातांनी धरला होता, त्यात पाण्याचा ग्लास आणि खाली छोटी बशी. पाहुण्यांसमोर वाकतात तशी ती थोडीशी वाकली.

टीचरनी ग्लास उचलला. तहान नसावी, तरी त्यांनी तो सावकाश पूर्ण संपवला, आणि ट्रेमध्ये परत ठेवून म्हणाल्या, "थँक यू, बाळा."