काशीबाईंच्या दोरीवरची लुंगी

मी एक जुनी दोरी आहे. निळ्या नायलॉनची, पण उन्हाने आता माझा खरा रंग कोणता, यावरही वाद होऊ शकेल. मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. हे सांगतानासुद्धा हल्ली आधी आजूबाजूला बघून घ्यावं लागतं.

पेणच्या बाजारात गणपतीची मूर्ती टेंपोत बांधायला मला कापून घेतलं. मूर्तीबरोबर मी रोह्याशेजारच्या वरसे गावात आले. गणपती वेळेवर परत गेले, मी राहिले. कोणी हरकत घेतली नाही. काशीबाईंनी मला आपल्या चाळीच्या खांबापासून शेवग्यापर्यंत ताणलं, लोंबकळून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "मजबूत हाय गो!" आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

चार खोल्यांच्या भाडेकरूंचे कपडे माझ्यावर वाळायचे. ओडिशाची बनियन आणि साताऱ्याची बनियन पिळली की सारखंच पाणी गाळते, एवढं माझं शिक्षण.

गेल्या वर्षी शेवटच्या खोलीत बंगालमधल्या मुर्शिदाबादचे मनिरुल आणि रोशनारा आले. तो कंपनीत कंत्राटावर वेल्डर, ती तान्ह्या मुलीत गुंतलेली. पोलिसांनी भाडेकरूंची माहिती मागितली, काशीबाईंनी दिली. कागद तपासले, बरोबर निघाले. यात मला काही वावगं दिसलं नाही. देश म्हटला की कोण आलं, कोण गेलं, हे बघायलाच हवं.

मग गल्लीने बघायला सुरुवात केली. समोरच्या प्रविणने 'जागृत गल्ली' नावाचा ग्रुप काढला आणि येताजाता तो माझ्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला. एका सकाळी त्याला माझ्यावर चौकड्यांची लुंगी दिसली. त्याने लगेच फोटो टाकला. खाली लिहिलं, 'सीमेपलीकडची!' अर्ध्या तासात अंगण भरलं.

"काशीकाकी, यांना आजच खोली खाली करायला सांग," प्रविण म्हणाला.

गर्दीतून त्याचे वडील काळुराम वाट काढत आले. "अरे, माझी लुंगी हाय ती! आपल्या दारात ऊन नाय म्हणून हिकडं टाकली. ती वाळेस्तोवर टावेलावर बसलोय मी!"

सगळे हसले. प्रविणही हसला. फोटो मात्र ग्रुपवर तसाच राहिला.

रोशनाराने ते हसणं दाराआडून ऐकलं. त्या दिवसापासून ती कपडे खोलीतच वाळत घालू लागली. श्रावणातली दमट खोली. बाळाची दुपटी सुकेनात, मुलगी खोकू लागली. प्रविणला नवा संशय आला. "कपडे लपवतात. काय तरी हाय." मनिरुल दुसरी खोली शोधू लागला.

शेवटी काशीबाई त्या खोलीत शिरल्या आणि ओल्या दुपट्यांचं बोचकं उचलून बाहेर आल्या. "खोली शोधायची नाय. पोरीला ऊन पायजे." खांबाला गुंडाळलेलं माझं उरलेलं टोक सोडवून त्यांनी मला शेवग्याभोवतून परत खांबापर्यंत दुहेरी बांधलं. रस्त्याच्या बाजूला आपली नऊवारी पसरली, तिच्याआड दुपटी घातली.

प्रविणने गाडी थांबवून मोबाइल काढला. "काकी, साडीमागं काय हाय?"

"लंगोट हायत. तुझेपण याच अंगणात वाळलेत. त्यांचा फोटो टाकू ग्रुपवर?"

मोबाइल खिशात गेला. पण तो उद्या पुन्हा येईल, असा मला दाट संशय आहे.

मित्रांनो, नव्या माणसाचे कागद जरूर बघा. ते बघून झाले की मात्र नजर आवरा. आणि घरात लहान मूल खोकत असेल, तर त्याची दुपटी सुकेपर्यंत तरी देशाचं रक्षण जरा ऊन न अडवता, बाजूला उभं राहून करा.