ताई, फक्त एकदाच

राजेंद्रदादा आमच्या लाइनचा सुपरवायझर. कन्नडचा, म्हणजे माझ्याच गावचा. वाळूजच्या या कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधायला मला त्यानंच लावलं. दर राखीला मी त्याला ओवाळायचे. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई इतकी मूर्ख कशी बनली.

त्या दिवशी पुण्याहून साहेब आले होते. एक जण स्टॉपवॉच घेऊन माझ्या मागं उभा राहिला. दादा कानाशी वाकला. "ताई, फक्त एकदाच. माझी इज्जत तुझ्या हातात हाये. जोर लाव."

मी जोर लावला. पाणी प्यायले नाही, मान वर केली नाही. साहेब खूश, दादा खूश, आणि खरं सांगते, सगळ्यांत जास्त खूश मीच.

पुढच्या सोमवारी तोच वेग सगळ्या लाइनला टार्गेट म्हणून लागला. लघवीला जायचीही चोरी झाली. माझ्या शेजारची कडूमावशी आईच्या वयाची. तिची मनगटं सुजली, घरी भाकरी थापता येईना. सुट्टीच्या दिवशी नुसती भिंतीकडं तोंड करून पडते म्हणाली, नातू जवळ आला तरी नको वाटतो. मग एका दुपारी ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. काय झालं ते तिलाही सांगता येईना. जेवायच्या सुट्टीत बायका माझ्याजवळ बसेनाशा झाल्या.

मी दादाला गाठलं. "त्या दिवशी घड्याळ कशाला लावलं, तुला ठाऊक व्हतं ना?"

"व्हय. पण मी काय करू? वरून लई प्रेशर हाये." मग नजर चुकवत म्हणाला, "अन् वेग तर तूच दाखवला ना, विशाखा."

ताई नाही, विशाखा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कडूमावशीनं काम सोडलं. तिच्या जागी अजिंठ्याची मोनिका आली, चपळ हातांची पोर. मागच्या आठवड्यात साहेब पुन्हा आले. स्टॉपवॉचवाला या वेळी तिच्या मागं उभा राहिला. राजेंद्र तिच्या कानाशी वाकला. दादा म्हणणं मी सोडलंय.

"ताई, फक्त एकदाच."

"मोनिका, हळू कर!" मी ओरडले. सगळी लाइन वळून बघायला लागली.

मोनिकानंही बघितलं. तिला वाटलं, मी जळते. गालात हसून तिनं मान खाली घातली आणि तिची बोटं पळायला लागली.