समुद्राकडची खोली

बाप-लेक सकाळपासून भाड्याच्या खोल्या बघत हिंडत होते. लेकीला समुद्राजवळच्या दवाखान्यात नोकरी लागली होती आणि तिथली भाडी ऐकून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. एजंट मात्र हसतमुख. "आता शेवटची दाखवतो. तिसरा मजला, समोर अख्खा समुद्र!"

जिन्याच्या पहिल्याच वळणावर बाप थबकला. भिंतींना नवा रंग होता, पण लाकडी कठडा तोच. याच जिन्यानं तो नवी नवरी घेऊन वर चढला होता, एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्यात स्टोव्ह. कठड्यावरून हात फिरवत तो वर चढू लागला.

वर गेल्यावर लेक खिडकीशी उभी राहिली ती हलेचना. एजंटनं भाडं सांगितलं.

"महिन्याचं?" बापानं विचारलं.

"मग काय वर्षाचं, काका? समुद्र दिसतो ना, त्याचे पैसे."

"आमच्या वेळी समुद्र दिसतो म्हणून भाडं कमी घ्यायचे. खारा वारा, कड्या गंजायच्या, कपडे म्हणून वाळायचे नाहीत. मागच्या खोल्यांतले लोक आम्हाला नाकं मुरडायचे."

लेक गर्रकन वळली. भिंत खरवडली तर भाजीपुरतं मीठ निघेल, असं आई ज्या खोलीबद्दल हसत सांगायची... "बाबा, हीच का ती?"

बापानं मान हलवली. एजंट शहाणा, फोन आल्याचं निमित्त करून बाहेर सटकला.

"इथं आमची खाट होती," बाप म्हणाला. "पहिल्या दिवशी तुझ्या आईला लाटांचा आवाज सहन होईना. मी इलेक्ट्रिशियन, तर मला म्हणते कशी, 'अहो, हा बंद करा ना!' म्हटलं, बाई गं, याचं बटण माझ्याकडे नाही."

लेक हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मग सोडली का?"

"तू झालीस. दमट हवेनं तुझी छाती भरायची. सामान टेम्पोत चढवलं आणि ही म्हणाली, 'एकदा वर जाऊन येते.' येईचना. बघायला गेलो तर खिडकीत उभी. म्हणाली, 'आता कुठे कान सरावले होते हो.'"

"घेऊया, बाबा. अर्ध्याहून जास्त पगार जाईल, जाऊ दे."

क्षणभर बापालाही मोह झाला. पण तो म्हणाला, "तुझी आई भाडं ऐकून निम्म्या जिन्यातूनच परतली असती. वर मला म्हणाली असती, 'अक्कल गहाण टाकलीत काय?' चल."

शेवटी चार गल्ल्या मागे एक खोली मिळाली. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप तेवढे दिसत. बापानं दिवे, पंखा स्वतः बसवून दिला.

पुढे एका सुट्टीच्या संध्याकाळी दोघं वाळूवर फिरायला गेली. बापानं सवयीनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी राहायला आलं होतं. खिडकीत पिवळा पडदा आणि दोरीवर बाळाची झबली.

"ओली राहतील गं," बाप पुटपुटला, आणि तिथंच वाळूत बसला. लेकीनं चपला काढल्या आणि त्याला टेकून बसली.