डॉक्टरसाहेबाच्या कबरीवरची लाल हळद

देगलूरच्या रस्त्याला आमच्या गावाबाहेर एक दगडी चर्च आहे, निजामाच्या काळातलं. रविवारी आठ-दहा कुटुंबं प्रार्थनेला येतात. एरवी आवारातल्या चिंचेखाली शेळ्या बसतात. त्या गुरुवारी मात्र शेळ्यांनाही उभं राहायला जागा नव्हती. मुखेडहून जीपा भरभरून आल्या होत्या, आणि कुणीतरी चर्चच्या फाटकातच भज्यांची कढई चढवली होती.

चमत्कार मागच्या कबरस्तानात घडत होता. तिथं गोऱ्या डॉक्टरसाहेबाची जुनी कबर आहे. तिला ओली हळद लावली की ती बघता बघता रक्तासारखी लाल व्हायची. कबरीपाशी भुजंगबाबा बसला होता. हा बाबा दिवाळीपर्यंत घरं रंगवायचा.

"हळद लाल, दुखणं पसार! हळद पिवळी, मनात पाप!" बाबा ओरडत होता. "गोळी सोडा, सुई सोडा, साहेबाला सोडू नका!"

आमच्या गावच्या महादेवप्पाला त्यानं कबरीच्या मागच्या बाजूला हळद लावायला सांगितली. ती पिवळीच राहिली. बिचाऱ्याला घाम फुटला, आणि शेजाऱ्याचा बांध दोन हात कोरल्याचं त्यानं चारचौघांत कबूल करून टाकलं. शेजारी रांगेत मागेच उभा होता.

मी पंचशीला, उपकेंद्रातली नर्स. मी आले होते गावातल्या म्हाताऱ्या बसम्माअव्वाला शोधायला. अव्वाला साखरेचा आजार, टाचेला जखम. आठ दिवसांपासून तिनं इन्सुलिन बंद केलं होतं. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. माझ्या बाळंतपणात याच अव्वानं मला सव्वा महिना शेक दिला होता. तिचा पाय जाताना बघायची माझी तयारी नव्हती.

अव्वा चिंचेखाली तंबाखू मळत बसली होती.

"अव्वा, चला. सुई घेऊ."

"न्हाई गं पोरी. साहेब माझं दुखणं ओढून राहिला. माझी हळद लालभडक झाली."

"साहेब ख्रिस्ती होता, अव्वा."

"मग काय झालं? आम्हा लिंगायतांतबी मेल्यावर मातीच देतात. समाधी ती समाधी."

चर्चची देखभाल करणारे शांतवनकाका शेजारी डोकं धरून बसले होते. मी त्यांना विचारलं, "काका, बाकीच्या कबरींवर हळद लाल का होत नाही?"

"त्यांना चुना मागच्या नाताळात लावलेला, वाळून खडक झालाय. या एकीलाच भुजंग रोज सकाळी ओला चुना मारून राहिला. सेवा म्हणे. तेबी फक्त पुढच्या अंगाला."

मला हसूच फुटलं. मी अव्वाच्या मांडीवरची तंबाखू-चुन्याची डबी उचलली.

"अव्वा, कुणाचा पाय मुरगळला तर गावात लेप कोण लावतं?"

"मीच की. चाळीस वर्षं झाली."

"कशाचा?"

"हळद आणि चुन्याचा." अव्वाचा मळणारा अंगठा थांबला. मी डबीतला बोटभर चुना तिच्या रिकाम्या तळहाताला लावला, वर रांगेतल्या एकीच्या वाटीतली ओली हळद टाकली. तळहात लालभडक झाला.

अव्वा हाताकडे बघत राहिली. मग लंगडत उठली, रांग मोडून थेट बाबापुढे गेली आणि हात त्याच्या नाकासमोर धरला.

"बाबा, माझी तंबाखूची डबीबी जागी झाली का रे?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं कबरस्तान. बायका एकमेकींच्या तळहातावर चुना घेऊन हळद घालू लागल्या, लाल हात वर करून नाचू लागल्या. ज्या बायांनी जन्मभर हा लेप कालवला, त्यांनाच तो कबरीवर ओळखू आला नव्हता. बाबा चुन्याची बादली तिथंच टाकून मुखेडच्या जीपमध्ये चढला. बांधाचा शेजारी मात्र महादेवप्पाची कॉलर धरूनच घरी गेला.

गर्दी पांगल्यावर शांतवनकाका म्हणाले, "माझे आजोबा साहेबाचे कंपाउंडर. औषध चुकवलं की साहेब छत्री घेऊन माणसाच्या मागं धावायचा."

अव्वा कबरीकडे वळली. "चुकलं, साहेब." मग चर्चच्या पायरीवर बसून तिनं पदर बाजूला केला. "दे गं टोचून."

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. आधी तोच घरी करून बघा, सामान बहुधा तुमच्याच स्वयंपाकघरात सापडेल. आणि कुणी काहीही दाखवलं तरी चालू औषध सोडू नका.

नाताळच्या दिवशी अव्वा चर्चमध्ये केक खायला आली. दोन्ही पायांनी चालत आली.